आधी ताट

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी सख्खी मावशी एका वृद्धाश्रमात नर्स होती. हे तिच्या डोळ्यांदेखत घडलं. तेही रात्री-बेरात्री नाही, थंडीतल्या भर दुपारी, बायकांच्या हॉलमध्ये.

खिडकीजवळच्या खाटेवर आधी एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना 'बाई' म्हणायचे. डायबेटिस होता. एका संध्याकाळी ब्रदरने, म्हणजे तिथल्या पुरुष नर्सने, त्यांना इन्सुलिन टोचलं आणि जेवण द्यायचं साफ विसरला. साखर उतरली. बाई गेल्या. "वय झालं होतं," म्हणून सगळ्यांनी प्रकरण दाबलं.

मावशी मात्र त्याला बजावायची, "अरे बाबा, ताट समोर आल्याशिवाय सुई लावू नकोस."

"तुमचं आपलं काहीतरीच, सिस्टर!" तो हसण्यावारी न्यायचा.

पुढे त्या खाटेवर एक नवी आजी आली. तिलाही डायबेटिस. काडीसारखी. चमचासुद्धा दोन्ही हातांनी धरायची.

त्या दुपारी जेवणाची गाडी अजून आली नव्हती. तरी ब्रदर इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन आजीजवळ गेला. तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली...

हॉलमधलं खोकणं, कण्हणं, सगळं एकदम थांबलं.

आजीने त्याचं मनगट पकडलं.

कट्ट...

हाड मोडल्याचा आवाज मावशीला पार दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

"आधी ताट!"

आवाज आजीचा नव्हता. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा खणखणीत होता.

मग तिने ब्रदरचं डोकं खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटलं. पुन्हा. पुन्हा. नाक चेचलं. दात फरशीवर उडाले. दोन आया तिला मागे ओढत होत्या, पण ती तसूभरही हलेना.

मावशी धावली. साखर फार उतरली की माणसं अशी बिथरतात, हे तिला ठाऊक होतं. साखर तपासायला तिने आजीच्या बोटाला सुई टोचली...

रक्तच आलं नाही.

दुसरं बोट टोचलं. तेही कोरडं. बर्फासारखं गार.

तेवढ्यात गाडी आली. मावशीने ताट उचललं आणि ती आजीला भरवायला लागली.

"खाऊन घ्या, बाई."

तोंडून 'बाई' कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही.

एका हाताने ब्रदरची मान दाबून धरून आजी शेवटच्या घासापर्यंत जेवली.

मग पकड सुटली. आणि टोचलेल्या दोन्ही बोटांतून रक्ताची धार लागली...

ब्रदरचा एक डोळा कायमचा गेला. तो पुन्हा आश्रमाकडे फिरकला नाही.

इकडे पकड सुटताच आजीने डोळे चोळले. नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "सिस्टर, फार भूक लागलीय गं. जेवण कधी येणार?"

अर्ध्या तासाने मावशीने साखर तपासली. ताटभर जेवणानंतर चढायला हवी होती.

चढलीच नव्हती... उपाशी माणसाची असते तेवढीच.

मावशी आता निवृत्त झाली आहे. पण हा विषय निघाला की अजूनही तिचा आवाज खाली जातो.

"घास मी माझ्या हाताने भरवले रे. मग ते गेले कुणाच्या पोटात?"