पिवळी चौकट

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी तिथं होते. कॅमेरा माझा होता आणि हेडफोनही माझ्याच कानात होते.

रात्रीची गोष्ट नाही, ही पहिलीच अडचण. अमावस्या नाही, पिंपळ नाही. मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावरचा एक सोमवार, दिवस कलायची वेळ आणि मारेगावजवळचं माझ्या मामांचं कापसाचं वावर. आजूबाजूला चांगली दहाबारा माणसं होती. एवढ्या माणसांत, एवढ्या उजेडात असलं काही होतं, यावर तोवर माझाही विश्वास नव्हता.

माझं नाव आभा. मी वणीला राहते, लग्नाचे व्हिडिओ काढते. नवरदेव घोड्यावर, नवरी पायऱ्यांवर, वर ड्रोन... वर्षानुवर्षं तेच. एकदा तरी स्वतःचा लघुपट करायचा म्हणून मी सगळं नवं सामान घेतलं होतं. कॅमेरा, तो न हलता धरायचं गिंबल, मॉनिटर, बिनवायरचा माईक. बोटात मावेल एवढासा माईक, त्याला वाऱ्यासाठी केसाळ टोपी.

घनश्याममामांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"हे उंदराचं पिल्लू कायले आणलं वं?"

"मामा, हे अर्पिताच्या अंगावर लावायचं. ती वावराच्या त्या टोकाला कुजबुजली तरी मला इथं ऐकू येतं."

"मंग तुह्या मामीले लाव एक. ते काय कुजबुजते ते मले बी ऐकू दे."

अर्पिता म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. माझ्या फिल्मची नायिका तीच. कापूस वेचणाऱ्या बाईचं काम होतं. बोलायला धीट, हसायला लागली की थांबत नाही. मला सख्खी बहीण नाही... तिच्यावरच ती सगळी हौस भागवलेली.

नव्या कॅमेऱ्यात एक सोय होती. एखाद्याचा चेहरा आधी नोंदवून ठेवायचा. मग गर्दीतसुद्धा कॅमेरा त्याच माणसाला शोधतो आणि स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट येते. बाकी सगळ्यांना पांढरी. मी सकाळीच अर्पिताचा चेहरा नोंदवला. समोरून, दोन्ही बाजूंनी, हसताना.

त्या दिवशी पिवळी चौकट दिवसभर तिच्यावरून हलली नाही. मी खूश होते.

एकच गोष्ट जमत नव्हती. अर्पिताला वेचता येत नव्हतं. शेतकऱ्याची मुलगी असून ती एकाच हातानं बोंडातला कापूस ओढायची, दुसऱ्या हातानं पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, धरायची.

"अशी वेचशील तं शिमग्यापर्यंत वावर सरणार नाही," मामा म्हणाले.

"मले असंच जमते बाबा."

बसंतीबाई तिथं वेचणीला होती. म्हातारी, पण हात मशीनसारखे. ती सहज बोलून गेली, "दोन्ही हातानं वेच वं पोरी. तानाबाई वेचे तशी."

बाकीच्या बायांचे हात एकदम थांबले.

मी विचारलं, "तानाबाई कोण?"

बसंतीबाईनं पदर कपाळावर ओढला आणि ती पुढच्या तासाला, म्हणजे झाडांच्या ओळीला, लागली.

मामांच्या वावरात एक पद्धत आहे. लहानपणापासून पाहिलेली. संध्याकाळी घरी निघण्याआधी सगळ्यांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमायचं. मामा वावराकडे तोंड करून एकेकीचं नाव घेऊन हाक मारतात. जिचं नाव, तिनं "आली" म्हणायचं. सगळ्यांचं झालं की मग निघायचं. आमच्या भागात वाघ फिरतो, म्हणून कुणी मागं राहू नये यासाठी हे असतं, असं मी समजत होते.

शेवटचा शॉट बाकी होता. अर्पिता कमरेला ओटी, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची झोळी, बांधून तासातून दूर दूर जाते आणि वाकते. पऱ्हाटी छातीला लागेल एवढी वाढलेली. ती वाकली की दिसेनाशी होते. बस, एवढंच. माईक मी तिच्या ओटीच्या घडीत लपवला होता.

शॉट छान झाला. ती वाकली, दिसेनाशी झाली, आणि पिवळी चौकट विझली.

"कट!"

तेवढ्यात माझा मित्र रजत, जो आवाजाचं काम बघत होता, तो म्हणाला, "रूम टोन राहिला."

हे कळलं पाहिजे, म्हणून सांगते. शूटिंग संपलं की त्या जागेची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवतात. पुढं दोन वाक्यांच्या मध्ये तीच भरावी लागते. त्या मिनिटात कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. आमच्या धंद्यात हा नियम कुणी मोडत नाही.

मामा धुऱ्यावर येऊन उभे राहिले होते. हाक मारायला तोंड उघडलंच होतं.

मी ओठांवर बोट ठेवलं.

"मामा, एक मिनिट. कोणीच बोलू नका. मग मारा हाका."

"अवं पण दिवस बुडून राह्यला..."

"एकच मिनिट, मामा!"

मामा गप्प बसले. बाया गप्प बसल्या. रजतनं रेकॉर्डिंग सुरू केलं.

आधी नेहमीचे आवाज होते. वारा. दूर कुठंतरी कोळशाचा ट्रक. पाखरं.

मग पाखरं थांबली...

वाराही थांबला.

पऱ्हाटीतून अर्पिता बाहेर आली. आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे पाहून तिनंही ओठांवर बोट ठेवलं आणि आवाज न करता धुऱ्यावर बायांच्या शेजारी येऊन बसली. माझ्यापासून चार हातांवर. तिच्या कमरेला ओटी नव्हती.

म्हणजे माईक तिथंच पडला, असं मनात आलं.

आणि हेडफोनमध्ये आवाज आला...

खस्.

थोड्या वेळानं पुन्हा. खस्... खस्.

बोंडातून कापूस ओढल्याचा. दिवसभर तोच ऐकला होता, चुकायचा प्रश्नच नव्हता. पण बाया तर सगळ्या माझ्यासमोर बसल्या होत्या.

मग कुणीतरी श्वास घेतला. अगदी माईकजवळ.

"आभाताई... झालं का?"

अर्पिताचा आवाज.

मी मान वळवून पाहिलं. अर्पिता शेजारी बसलेली. ओठ मिटलेले. माझ्याकडेच बघत होती.

मला वाटलं, आधीचं रेकॉर्डिंग चुकून वाजतंय. नवं सामान, काहीही होऊ शकतं. पण आमच्या अख्ख्या फिल्ममध्ये हे वाक्यच नव्हतं.

"ताई, मी इथं आहो... वाट सापडून नाही राह्यली..."

माझी नजर मॉनिटरवर गेली. कॅमेरा अजून वावराकडेच रोखलेला होता. स्क्रीनवर नुसती पऱ्हाटी, पांढरी बोंडं आणि बुडता दिवस.

आणि मधोमध पिवळी चौकट.

तिच्या आत काहीच नव्हतं. चौकट जरा थरथरत होती. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरकत होती, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवरून. तासातून इकडे येत होती.

तासाच्या तोंडाशी आली आणि थांबली.

हेडफोनमधला आवाज आता रडवेला झाला होता.

"बाबा... हाक मारा न, बाबा."

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. रजतनं अंगठा वर केला. मिनिट संपलं होतं.

मामांनी हाका मारायला सुरुवात केली. बसंतीबाई... आली. मग एकेक करून सगळ्या. शेवटी त्यांनी पोरीचं नाव घेतलं.

"अर्पि..."

"आली!"

शेजारच्या अर्पितानं नाव पुरं होऊ दिलं नाही.

कानात, अगदी बारीक, तेव्हाच कुणीतरी म्हणत होतं, "आली... आली बाबा, मी आली..."

मग नुसती खरखर. पिवळी चौकट विझली.

ओटी आणायला रजत निघाला, तर मामांनी त्याचा दंड धरला. "तिन्हीसांजा झाल्या. आता वावरात पाय टाकायचा नाही. सकाळी पाहू."

सकाळी ओटी तासाच्या तोंडाशी मिळाली. गच्च भरलेली, दाबून दाबून. माईक त्या कापसाच्या तळाशी होता, बॅटरी संपलेला. ज्या तासातून अर्पिता शॉटसाठी नुसती चालत गेली होती, तो अख्खा तास वेचलेला होता. एकाही बोंडात धागा शिल्लक नव्हता.

मी स्वतःला खूप समजावलं. मशीन आहे, चुकतं. दमलो होतो. मनाचे खेळ.

पण त्याच सकाळी अर्पिता ओट्याशी उभी राहून फोन चेहऱ्यासमोर धरत होती. पुन्हा पुन्हा. फोन उघडेना.

"बिघडला वाटते," ती हसून म्हणाली.

हसली आणि लगेच थांबली.

दुपारी शीलामामींनी भुईमुगाच्या शेंगा उकडल्या. सगळे गप्पा मारत सोलत होतो. माझं लक्ष अर्पिताच्या हातांकडे गेलं. टोपलीतल्या शेंगा ती दोन्ही हातांनी उचलत होती. डावा, उजवा, डावा, उजवा... आणि मांडीवरच्या ओढणीत टाकत होती. तोंडात एकही नाही.

मी आत जाऊन कॅमेरा आणला. सहज फोटो काढतेय असं दाखवलं.

मामींवर पांढरी चौकट आली. मामांवर पांढरी.

अर्पितावर... पांढरी.

तीच अर्पिता. गालावरचा तीळ तोच, कुडता आदल्या दिवशी मीच दिलेला. मी जवळ गेले, लांब गेले, खिडकीच्या उजेडात बसवलं. पांढरीच. ती निमूटपणे जिथं सांगेन तिथं बसत होती.

शेवटी हळूच म्हणाली, "राहू दे न, ताई."

त्या संध्याकाळी मी मामांना बाहेर नेलं आणि त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले. 'हाक मारा न, बाबा' ऐकल्यावर मामा मटकन खाली बसले.

मग त्यांनी तानाबाईचं सांगितलं.

तानाबाई मामांच्या वडिलांच्या काळात वेचणीला यायची. दोन्ही हातांनी वेचणारी, तिच्यासारखी दुसरी नव्हती. एक दिवस संध्याकाळी सगळ्या बाया मिळून गावात परतल्या. तानाबाईही सोबत होती. गप्पा मारत आली, घरात गेली, चूल पेटवली, दोघी-तिघींनी तिच्याकडे चहासुद्धा घेतला.

"अन् सकाळी ते वावरात सापडली," मामा म्हणाले. "तासात. थंडगार. ओटी भरेल होती. आदल्या दुपारीच गेली असन, असं डॉक्टर म्हणे."

"मग घरी कोण आलं होतं?"

"घर उघडलं तं घरात कोणी नव्हतं. चूल मात्र गरम होती... तवापासून आमी हाक मारल्याबिगर कोणाले घरी येऊ देत नाही वं."

मामा रडत होते. मीही रडले. काय करायचं ते दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, आम्ही दोघंच गुपचूप वावरात गेलो. घरी सांगितलं, मारेगावला जातोय. मी ट्रायपॉड त्याच जागी लावला. मॉनिटर सुरू केला.

पऱ्हाटी. बोंडं. बुडता दिवस.

बराच वेळ काही नाही.

मग पाखरं थांबली...

आणि लांब, वावराच्या पार टोकाला, पिवळी चौकट उमटली.

"मामा," मी म्हणाले, "मारा हाक."

चौकट येऊ लागली होती. भराभर. माझ्या अर्पितासारखीच, अर्धं धावत, अर्धं चालत. मामांनी वावराकडे तोंड केलं आणि सगळा जीव एकवटून हाक मारली.

"अर्पिता!"

"आली!"

आवाज आमच्या मागून आला.

ती धुऱ्यावर उभी होती. चपला हातात, धापा टाकत. घरापासून पळत आली असावी.

"कायले एवढ्या जोरानं हाक मारता, बाबा? मी इथंच आहो न."

मी मॉनिटरकडे पाहिलं. चौकट तासाच्या मध्येच थांबली होती. जरा थरथरली... आणि विझली.

मामांनी पुन्हा हाक मारली नाही. त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या चपला खाली ठेवल्या आणि म्हणाले, "घाल पायात. काटे आहेत." बाप होता. समोर पोरीचं तोंड, पोरीचा आवाज. तो तरी काय करणार?

रजतनं सगळं ऐकलं आणि माझ्यासोबत काम करणं सोडलं. फिल्म झाली नाही. ती मिनिटभराची शांतता माझ्याकडे अजून आहे, पण मी ती कुणाला ऐकवत नाही.

अर्पिता घरी आहे. मामी सगळ्यांना कौतुकानं सांगतात, पोरगी किती शहाणी झाली, वेचणीत बायांना मागं टाकते. मामा ऐकून घेतात. त्यांच्या ताटातलं अन्न तसंच राहतं.

आणि मला भीती वाटते. हिची वाटते, पण त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीची. माझी बहीण त्या तासात उभी असेल, दिवस बुडताना रोज वाट बघत असेल, कुणीतरी नाव घेईल म्हणून... आणि तिला वाटत असेल की ताईचं मिनिट अजून संपलेलं नाही.

यंदा पुन्हा बोंडं फुटली आहेत. मी तीनचारदा निघाले. एकटीच, कॅमेरा घेऊन, कुणालाही न सांगता. एकदाच नाव घ्यायचं आहे. हिच्याआधी तिला उत्तर देता आलं पाहिजे, एवढंच.

दर वेळी वणी सोडून थोडी पुढं गेले की फोन वाजतो.

"ताई, वावरात चालली काय? थांब न, मी बी येते."

मी गाडी परत वळवते.