खंडेनवमीची बॅट

नासिर सरांनी कापडात गुंडाळलेली बॅट टेबलावर ठेवली आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "बाई, हे माही बॅट नाही."

रविवारची सकाळ होती. अकोल्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात खासगी तपासनीस संध्या गावंडे आणि तिचे मामा पंजाबराव पोहे खात होते. मामा म्हणजे निवृत्त तलाठी. भाचीची गाडी चालवायची आणि पहिल्या दहा मिनिटांत चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा, ही दोन कामं त्यांनी स्वखुशीनं पत्करली होती.

"क्रिकेटची तर वाटत नाही," मामा म्हणाले.

"बेसबॉलची." सर बसले. साठी ओलांडलेला, उन्हात रापलेला माणूस. अमरावतीत राजापेठेमागच्या मैदानावर ते तीस वर्षं पोरींना बेसबॉल शिकवत होते.

"शंभर वर्षांमागं मिशनच्या दवाखान्यात एक अमेरिकन डॉक्टर होता. तरुणपणी पगारी टीमकडून खेळलेला. जाताना त्यानं आपली बॅट माह्या आजोबाले दिली. ते पयले पगारी खेळाडू वेगळेच होते, बाई. सिनसिनाटीची टीम १८६९ मध्ये आगगाडीनं देशभर फिरली अन् वर्षभर हरली नाही. हातात मोजे नाहीत. अन् फटके मारणाऱ्यांच्या बॅटी इतक्या जड का आजच्या पोराचं मनगट वाकन. मधी काही वर्षं बॅटीले एक बाजू चपटी ठेवाची मुभा होती, १८९३ मध्ये ते बंद झाली. आमची बॅट चपटी आहे. म्हणून तर शनिवारी दिल्लीहून जाणकार पायाले आले."

"आणि त्यांना ही दिसली."

"हो. बुधवारी भाचीच्या लग्नाले मी तिवशाले गेलो. कपाटाची एकच चाबी. ते मी आमच्या क्लबचे सेक्रेटरी अंकुर वानखडे यांना दिली. गुरुवारी माह्या मांगं खंडेनवमीची पूजा झाली, बॅट कपाटात गेली, अन् अंकुर सरांनी सगळ्यांसमोर चाबी उज्माले दिली. उज्मा आमची कॅप्टन. शनिवारी तिनं कपाट उघडलं, मी बॅट हातात घेतली न् समजलो. अर्धंच वजन."

"म्हणजे उज्मा," मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. सात मिनिटं झाली होती.

"उद्या सकाळी क्लबची मीटिंग आहे," सर म्हणाले. "दुपारच्या गाडीनं टीम नॅशनलले निघते. उज्मा चोर ठरली तर तिचं नाव कटते. सहा वर्षं घाम गाळला पोरीनं."

"तुम्हाला काय वाटतं, सर? तिनं घेतली?"

सरांनी बॅटवरचं कापड काढून त्याची घडी घातली. "चाबी तिच्याकडंच होती," ते म्हणाले.

संध्यानं बॅट उलटी केली. चपट्या बाजूवर हळदीनं भरलेल्या पाच बोटांचे ओढलेले पट्टे होते, वर कुंकवाचा टिळा. मधला पट्टा इतरांपेक्षा आखूड होता.

"हळद तांबडी दिसून राहिली," मामा म्हणाले. "कुंकू मिसळलं असन."

 संध्यानं गाडीची किल्ली मामांच्या हातात दिली.

दुपारी अमरावतीच्या मैदानावर उज्मा एकटीच सराव करत होती. जाळीवर चेंडू आदळत होते, एकेक फटका रागानं मारलेला.

"चाबी माह्या गळ्यात होती, ताई. आंघोळीलेही काढली नाही." ती थांबली नाही. "मी कोणाले दिली असं सांगितलं असतं तर सुटली असती. पण दिलीच नाही तर काहून सांगू?"

"पूजेत बॅट हातात घेतली होतीस?"

"नाही. आमी सगळे मांग उभे होतो."

क्लबच्या खोलीत आशाबाई झाडत होत्या. पूजेचं ताट दरवर्षी त्यांच्याकडे असे. भिंतीशी रोजच्या बॅटी, हेल्मेटं, मोजे ओळीनं मांडलेले होते आणि प्रत्येकावर पाच पिवळेजर्द पट्टे होते.

"हळद तुम्हीच लावली?"

"मीच लावतो. एकदाच, गुरुवारी सकाळी." आशाबाईंनी उजवा हात पुढे केला. मधल्या बोटाचं पेर नव्हतं. "कडबा कुट्टीच्या मशीनीत गेलं, बारा वर्षं झाली. यंदा अंकुर सर म्हणत होते, जुन्या बॅटीले हळद नका लावू, दिल्लीचे साहेब येणार आहेत, खराब दिसन. म्या म्हटलं, वर्षाचं काम आहे, लावल्याबिगर कसं राहीन? चौरंगावर होती, तिथंच लावली. घाईत होतो, पायलंही नाही नीट."

"आणि उचलून कपाटात कोणी ठेवली?"

"अंकुर सरांनी."

मामांनी बाहेर येताच निकाल बदलला. क्लबचं सामान सांभाळणारा सरफराज भातकुलीत लाकूड कातायच्या खरादावर काम करतो, हे त्यांना आशाबाईंनी जाता जाता सांगितलं होतं. "खोटी बॅट घडवाले खराद पायजे. झालं तर मग."

सरफराज लाकडी बैलांची चाकं कातत होता. त्यानं बॅट हातात घेऊन बोटानं ठोकली.

"शिवणीचं लाकूड. हलकं असते, लवकर कातल्या जाते. जिल्ह्यात पन्नास खराद असतील, बाई, कोणीही करून देईन. पण रंग खरादवाल्याचा नाही. आमी लाखेचं पॉलिश करतो. हे चहापत्तीच्या अन् सोड्याच्या पाण्यात बुडवून जुनं केलं कोणीतरी. सोडा धुतलाही नाही धड."

"पूजेला होतास?"

"मांगं होतो. हात नाही लावला. तो मान सेक्रेटरीचा."

अंकुर वानखडेंचा क्लास राजापेठेत एका चपलांच्या दुकानावर होता. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. बारावीला रसायनशास्त्र शिकवत होता आणि बोलतानाही फळ्याकडे हात करत होता. भिंतीवर खिळ्यांना तीन तक्ते लटकत होते. चौथा गुंडाळून कोपऱ्यात उभा होता.

"उज्मा गुणी मुलगी आहे. मला फार वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण मी तरी काय करू? गुरुवारी पूजा झाल्यावर बॅट मी स्वतः उचलली. जुनीच होती. केवढी जड! मनगट वाकलं माझं. कपाटात ठेवली, कुलूप लावलं, चावी तिला दिली. पुढचं तिनं सांगावं."

"म्हणजे पूजेपर्यंत बॅट खरी होती, याची तुम्हाला खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"उद्याची मीटिंग कुठे आहे?"

"इथंच. क्लबात खुर्च्या चारच आहेत."

जिना उतरताना मामा म्हणाले, "माणूस सज्जन आहे. म्हणजे पुन्हा उज्माच."

"मामा, तुम्ही आज तिसऱ्यांदा निकाल दिला," संध्या म्हणाली. "उद्या येताना एक हळकुंड आणा."

सोमवारी सकाळी क्लासच्या बाकांवर क्लबचे सात सदस्य, नासिर सर, सरफराज आणि आशाबाई दाटीवाटीनं बसले. उज्मा दाराशी उभी होती, पायाशी किटबॅग. ती घरून तयार होऊनच निघाली होती. मीटिंगमध्ये काही होवो, आपण गाडीत बसायचं, असं तिनं ठरवलं होतं.

संध्यानं टेबलावर दोन बॅटी ठेवल्या. एक रोजची, एक खोटी.

"आशाबाईंनी हळद एकदाच लावली, गुरुवारी सकाळी. त्यांचं मधलं बोट आखूड आहे. या खोट्या बॅटवरचा मधला पट्टाही आखूड आहे. ही त्यांच्याच हाताची हळद. म्हणजे गुरुवारी चौरंगावर ठेवली होती ती हीच बॅट."

कोणाचा तरी बाक करकरला.

"बॅट पूजेआधीच बदललेली होती. तेव्हा उज्माच्या हातात चावी आलीच नव्हती. बुधवारपासून ती होती अंकुर सरांकडे."

"माझ्याही नजरेतून सुटलं असेल," अंकुर सर शांतपणे म्हणाले. "पूजेच्या गर्दीत कोण बघतं?"

"मलाही आधी तसंच वाटलं. पण काल तुम्ही म्हणालात, जुनीच होती, मनगट वाकलं. या बॅटनं?" संध्यानं ती उचलून मामांकडे फेकली. मामांनी एका हातानं झेलली आणि स्वतःच चकित झाले. "खोटी बॅट उचलून जड होती म्हणणारा माणूस चुकत नसतो, सर. खोटं बोलत असतो. चोरीची वेळ पूजेनंतरची ठरावी, एवढ्यासाठी."

"हा तर्क झाला."

"मग पुरावा बघू." तिनं हळकुंड उगाळून ठेवलेली वाटी पुढे ओढली आणि बोट बुडवून दोन्ही बॅटींवर ओढलं. रोजच्या बॅटवर पिवळा पट्टा उमटला. खोटीवर तो बघता बघता तांबडा झाला.

"कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की असाच लाल होतो," आशाबाई पुटपुटल्या.

"सोड्यानंही होतो. सरफराज म्हणाला होता, सोडा नीट धुतलेला नाही. अंकुर सर हे दरवर्षी पोरांना शिकवतात. म्हणूनच यंदा जुन्या बॅटला हळद नको म्हणत होते. आशाबाईंनी ऐकलं नाही. पट्टे तांबडे झाले, पण सगळ्यांना वाटलं, कुंकू लागलं असेल."

अंकुर सरांनी फळ्याकडे हात केला आणि तसाच खाली घेतला.

"मामा, तो कोपऱ्यातला तक्ता आणा. बाकीचे तीन भिंतीवर आहेत. हा एकच उभा का, याचा मी काल विचार करत होते."

मामांनी एका हातानं उचलायला पाहिलं, मग दुसरा हात लावला. "च्यायला," ते म्हणाले, "मनगट वाकलं."

मूलद्रव्यांच्या तक्त्यात गुंडाळलेली, काळवंडलेली, एका अंगानं चपटी बॅट बाकावर आली. नासिर सरांनी ती उचलली नाही. तिच्यावर नुसता तळहात ठेवला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मुंबईचा एक माणूस संग्रहासाठी मागत होता," अंकुर सर खाली बघत म्हणाले. "या आठवड्यात येणार होता. उज्माचं काही वाईट करायचं नव्हतं मला. चावी कोणाला तरी द्यावीच लागणार होती."

"अन् माहं नाव कटलं असतं तर?" उज्मानं दारातूनच विचारलं. 

सदस्यांनी पोलिसांना फोन लावला. संध्याचं काम संपलं होतं, पण ती जागची हलली नाही.

नासिर सर शनिवारी उज्माकडून परत घेतलेली, दोरीत ओवलेली कपाटाची चाबी घेऊन दाराशी गेले. "बेटा, हे तुह्याकडंच राहू दे."

उज्मानं हात पुढे केला नाही. "सर, एक सांगा. तुमाले वाटलं होतं का, मी घेतली म्हणून?"

 खोटं बोलणं सोपं होतं, तिलाही ते पटलं असतं.

"हो," ते म्हणाले. "एक दिवस वाटलं."

उज्मानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग चाबी घेतली, किटबॅगची चेन उघडून आत टाकली आणि बॅग खांद्याला लावली.

"आता परत मागू नका," ती म्हणाली. "चला, गाडी सुटन."