साडेचारला लावलेली यादी

कराड स्टँडवर साताऱ्याच्या गाडीत चढले, तर एकच जागा रिकामी आणि तिच्यावर एक भलंमोठं खोकं बसलेलं!

"अहो, हे उचलता का?"

"त्याचं तिकीट काढलंय की," शेजारचा मुलगा म्हणाला. "पण तुम्ही बसा. मी घेतो मांडीवर... जरा लाजाळू आहे ते."

मला हसायचं नव्हतं, तरी हसलेच. उंब्रज यायच्या आत कळलं की तो निमिष, सांगलीचा. आणि बियाण्यांच्या ज्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळत होते, तिथेच ते खोकं चाललं होतं!

खोक्यात राउटर होता. साल शहाण्णव. आमचं मुख्य ऑफिस साताऱ्यात, शाखा सांगलीत, आणि दोन्हींच्या मध्ये भाड्याची एक बारीकशी लाइन. त्या लाइनवर आमचे जुन्या वळणाचे सर्व्हर दर मिनिटाला ओरडायचे: मी आहे, माझ्याकडे प्रिंटर आहे, मी आहे! आमच्या चहावाल्या धोंडुबाई कशा जिन्यातूनच "आवं ताई, चा आणलाय, मी आलीया!" म्हणत यायच्या, अगदी तसंच. त्या गलक्यात सांगलीची एक ऑर्डर यायला वीस मिनिटं लागायची. आता राउटरला यादी द्यायची होती, कुणाला लाइनवरून सोडायचं आणि कुणाला दारातच अडवायचं याची.

हे काम आम्हा दोघांकडे: माझी बाजू सातारा, त्याची सांगली. फोन साहेबांच्या टेबलावर, आणि साहेबांचे कान आमच्याकडे. मग निमिषनं एक युक्ती शिकवली. सांगलीच्या एका छोट्या सर्व्हरवरून एका ओळीचा निरोप धाडता यायचा. इंग्रजी अक्षरांत मराठी, जेमतेम चाळीस अक्षरं. माझ्या स्क्रीनच्या तळाशी तो उमटायचा.

"जेवलात का?"

"हो. भेंडी."

"इकडेही भेंडीच! काय हा योगायोग..."

"श्रावणात सगळीकडे भेंडीच असते."

"बरं, मला तू म्हणा."

"आधी तुम्ही म्हणा."

"तू."

बाहेर भुरभुर पाऊस, आणि मी स्क्रीनकडे बघून गालातल्या गालात हसतेय. धोंडुबाई कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "लय खुशीत हाय वं ताई, पगार वाढला का काय?" पगार कुठला! खरं सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले होते. तीन आठवडे, रोज चाळीस अक्षरं.

त्या कामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "अश्लेषा, यादी आज लाव. पण पाच वाजता हं, आधी नको."

"का रे?"

"असंच... लाव म्हणतो ना."

पण मला कुठला दम निघायला? साडेचारलाच लावली. ऑर्डरींचा मोठा सर्व्हर तेवढा ठेवला, बाकी सगळ्यांना बंदी. निरोपांचा तो छोटा सर्व्हरही बाकीच्यांत गेला. म्हटलं, त्याला उद्या आत घेऊ, आज मोकळी लाइन दाखवून शाबासकी मिळवू. आणि ऑर्डर वीस सेकंदांत आली!

साडेपाचला पुन्हा फोन. "लाइन कशी आहे?"

"पळतेय नुसती!"

"बरं... मला बंगळूरला नोकरी लागलीय. सोमवारी निघतोय."

"अभिनंदन," मी म्हणाले. साहेब बघत होते. मनातून मात्र मी भडकले होते. तीन आठवडे भेंडी सांगितलीस, आणि ही एवढी गोष्ट आज? त्यानं पत्र धाडलं नाही, मीही नाही. माझा ताठा, दुसरं काय! एक फोन करायला काय झालं होतं मला?

तीन वर्षांनी साताऱ्यात पेढ्यांच्या दुकानात गेले, तर समोर निमिष! मला बघायला दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी पेढे हवे होते. बाहेरच्या टॅक्सीत त्याची बायको, सई, बसली होती. दोघं महाबळेश्वरला निघाले होते. लांबूनच छान हसली ती.

"एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "उत्तर तरी द्यायचंस. नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

"कसलं उत्तर?"

"पावणेपाचला निरोप पाठवला होता. 'बंगळूरला नको सांगू? तुझ्या घरी येऊ?' बंगळूरवाल्यांना पाचपर्यंत कळवायचं होतं. पंधरा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो गं..."

"निमिष, मी यादी साडेचारला लावली होती."

"पण निरोप गेला असं स्क्रीनवर आलं होतं!"

"त्या सर्व्हरला काय ठाऊक, माझी लाइन तुटलीय ते? थोडा वेळ तो माणसाला हजरच धरतो — तूच शिकवलं होतंस."

टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.

"काय म्हणाली असतीस?"

खोटं बोलता आलं असतं. त्याला हलकं वाटलं असतं... पण नाही जमलं मला.

"ये म्हणाले असते. त्याच संध्याकाळी."

"अहो, चला ना," सईनं हाक मारली, "घाटात धुकं उतरेल!"

तो गेला. जाताना मागे वळून बघितलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. मी तशीच घरी आले.

"पेढे कुठायत?" आईनं विचारलं.

"विसरले."

"असू दे. सकाळी आणशील ना?" माझ्याकडे बघत ती म्हणाली, "आणि या वेळी तरी नाही म्हणू नकोस, बाई."

"नाही म्हणणार नाही," मी म्हणाले.