घोड्याच्या गळ्याखालचा हात

त्या दिवशी मी फक्त डबा द्यायले गेली होती. माझी नात मेघा हिंगण्याकडच्या एका शेतात खोदकामावर होती. तिथं मोठमोठ्या दगडांचं गोल रिंगण आहे, त्याच्या पोटात फार जुन्या काळची माणसं पुरलेली. माझ्यासंगं आमचे बुढे, मनोहरराव. त्यांनी जन्मभर बर्डीच्या बाजारात टांगा हाकला. एकदा टांगा उलटला अन् डावा हात मोडला, तो वाकडाच जुळला. पण शेवटचा घोडा विकला, तेव्हापासून माणूस खरा मोडला.

खड्ड्यात घोड्याचा सांगाडा होता, बाजूले माणसाचा. घोड्याच्या गळ्याखाली त्या माणसाचा हात.

"दोघांच्याही हाडावर एकाच पात्याचा घाव आहे," मेघा म्हणाली.

"तुमच्या फावड्याचा तर नाही?" मी विचारलं.

"नाही आजी. ताजा घाव पांढरा दिसतो. हा मातीच्याच रंगाचा आहे, म्हणजे पुरायच्या आधीचा. यांचा मालक मेला, म्हणून घोडा बळी दिला, अन् हा नोकरही."

बुढे वाकून पाहून राहिले होते. "नोकर बळी नाही दिला वं. घोड्याले मारायले आले अन् यानं गळा सोडला नाही."

"आबा, हाडावर घाव दिसतो. माया नाही दिसत."

"तुले कधी घोड्यानं लाथ तरी मारली का?"

सगळे हसले. घोड्याची हाडं तपासायले परगावी जाणार होती, माणूस इथंच राहणार होता.

"जोडी नको फोडू, पोरी. घोडा त्याले शोधत येईल."

"आबा, पेट्या अलगच कराव्या लागतात."

गाडी घोड्याची पेटी घेऊन गेली.

त्याच दिवशी दिवेलागणीले आमच्या सिमेंटच्या रस्त्यावर टापा वाजल्या. टक्... टक्... हळूहळू, एकेका फाटकापाशी थांबत. आता टांगे राहिले कुठं? फाटक उघडलं, तर रस्ता रिकामा. नुसता घोड्याच्या घामाचा अन् भिजल्या चण्याचा वास.

यांनी पलंगाखालून जुना लगाम काढला.

"काहून...? कुठं चालले?"

"भेऊन राहिला वं तो. धरणारा पाहिजे त्याले."

"नका जाऊ..."

"आलोच."

सकाळी ते त्या रिंगणात सापडले. बसलेले, डावा हात पुढं वाकवलेला, जसा कोणाच्या गळ्यात. अंगावर ओरखडा नाही. लगाम मात्र सापडला नाही. तिरडीवरही तो हात सरळ झाला नाही, तसाच जळाला.

मेघा रडरड रडली. "एका पेटीत ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, आजी?"

मग परगावी पेटी उघडली अन् तिच्या मोबाइलवर फोटो आला. माणसाची हाडं इकडं तिच्याच कुलपात होती, एकही कमी नाही. तरी फोटोत घोड्याच्या गळ्याखाली एक हात होता. मातीसारखा तपकिरी, जुना.

तिनं फोटो मोठा केला. हाड मधात मोडून वाकडं जुळलेलं.

मेघानं बोटानं अजून मोठा केला.

"आजी... याच्यावरही घाव आहे."

"मग?"

"पांढरा आहे."