उत्तराचा हात

आमच्या घरात कामाची विभागणी सरळ आहे. मुलगा चारुदत्त कंप्युटरवर काम करतो, सून उत्तरा जंगलांचा अभ्यास करते आणि घर मी चालवते. माझी शाळा चौथीत सुटली, पण परदेशात, श्रूजबरीतल्या या घरात मीठ कुठल्या डब्यात राहील ते मीच ठरवते. नवरा गेल्यावर इथे आले, तेव्हाच दोघांना सांगितलं होतं, मी कुणाला धरून राहणारी बाई नाही.

उत्तराचा विषय वेली. मांडवावरच्या दोडक्या-कारल्याच्या नव्हेत. पावसाळी जंगलातल्या, मांडीएवढ्या जाड, लाकडाच्या. मागच्या वर्षी ती पनामाच्या जंगलात गेली आणि तिथून फोनवर फोटो दाखवायची. या वेली स्वतःचं खोड भक्कम करण्यात जीव घालवत नाहीत म्हणे. शेजारचं झाड धरायचं, वर उन्हात पोचायचं, मग एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर.

"म्हणजे आयतोबाच की," मी म्हटलं.

"नाही हो आई, अन्न त्या स्वतःचं स्वतः करतात. फक्त सपोर्ट घेतात."

"आणि झाडाचं काय?"

"ग्रोथ स्लो होते. कधी कधी मरतं." मग म्हणाली, "आणि ते पडलं ना, की त्याच वेलीनं बांधलेली बाकीची झाडंपण ओढली जातात."

"वेलीसकट?"

"वेल बहुतेक जगते. दुसरं झाड धरते."

ऑक्टोबरात ती परत आली. विमानतळावरून चारुदत्तचा दंड धरून चालत आली. दमली असेल, म्हटलं. घरीही सोडला नाही. जेवताना डावा हात त्याच्या मनगटावर, टीव्ही बघताना खांद्यावर. तो मीटिंगमध्ये असला तरी ही खुर्चीमागे उभी, दोन बोटं त्याच्या मानेवर.

"अगं, पळून जातोय का तो?"

"बरं वाटतं, आई," ती हसून म्हणाली.

नवी नवरी असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. लग्नाला अकरा वर्षं झालेली!

झाडांची पानं गळून गेली तेव्हा चारुदत्तची अंगठी बोटातून निघायला लागली. तिला दोरा गुंडाळून दिला, तरी ढिली. तो एका अंगावर कलून उभा राहायचा, उत्तरा खोलीत नसली तरीही. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट नॉर्मल. स्ट्रेस कमी करा म्हणाले. एवढं तर मीही फुकटात सांगितलं असतं.

उत्तराला मात्र बाळसं आलं होतं. वरच्या फळीवरचं पुरणयंत्र काढायला तिला स्टूल लागायचं. एकदा बघते तर तिनं उभ्या उभ्याच काढलं. कुडत्याच्या बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या.

मग एकदा मोजे धुवायला काढले. चारुदत्तचे टाचेला विरलेले. तिचे त्यांच्याबरोबरच घेतलेले, तळव्याला मळ नाही, सुरकुती नाही. दुकानातून आणावेत तसे. कितीतरी वेळ मी ते हातात घेऊन उभी होते.

त्या दुपारी मी सरळ बोलले. "उत्तरा, हात सोड त्याचा. माणसासारखी बाजूला बस."

तिनं हात तिथंच ठेवला. मीच तिची बोटं एकेक करून उचलली. बोटांत जोर असा नव्हताच. शेवटचं बोट सुटलं आणि चारुदत्त बसल्या जागी पुढे झुकायला लागला.

"आई, राहू दे गं," तो म्हणाला. " सोडलं की फार जड होतं."

मी बोटं परत ठेवली. माझ्याच हातांनी.

संक्रांतीला दर वर्षी आमच्याकडे हळदीकुंकू असतं. माझ्या हातचं कुंकू चालत नाही, म्हणून देते उत्तरा, पण मांडते मी. यंदा मुद्दाम सगळ्यांना बोलावलं. चार बायकांत वावरली तर हा नाद सुटेल, माझ्या पोराला जरा मोकळं होता येईल, एवढंच मनात होतं.

तिनं प्रत्येकीचा हात हातात घेतला. हळद लावली, कुंकू लावलं, वाण दिलं. हात मात्र लगेच सोडत नव्हती.

"किती प्रेमळ सून मिळालीय हो, मावशी!" दोन घरं पलीकडची सुमित्रा म्हणाली.

त्या दिवशी चारुदत्त एकटा टेबलाशी ताठ बसला. दोन गुळपोळ्या खाल्ल्या. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.

आज सकाळी दोघं माडीवर होती. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते.

वर काहीतरी धाडकन पडलं.

त्याच क्षणी माझे पाय अंगाखालून गेले. घसरले नाहीत, चक्कर नाही. कुणी खालून ओढून घ्यावेत तसे. मी फरशीवर बसले, लाटणं हातात तसंच.

"चारू!" मी हाक मारली.

मग पुन्हा, जोरात.

फोन वाजला. ओट्याच्या कडेवरून ओढून घेतला. सुमित्रा होती.

"मावशी, काय झालं कळत नाही. मी आत्ता उभ्या उभ्या पडले. हात मोडला बहुतेक."

ती बोलत असतानाच दुसरा फोन येत होता. मग तिसरा. नावं मला सावकाश वाचता येतात. सगळ्या हळदीकुंकवाच्या बायका.

जिन्यावर पावलं वाजली नाहीत, पण उत्तरा खाली आली.

"वर तो..." मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली, आणि मला उठवायला हात पुढे केला.

मी ओटा धरून पाहिला. कपाटाची मूठ धरून पाहिली. दोन्ही गुडघ्यांवर जोर देऊन पाहिला.

मग तिचा हात धरला.