जादा प्रिंट

किशोरभाऊ, खुर्ची जरा जवळ घ्या. कूलरचा आवाज फार आहे, आणि तो बंद केला तर अकोल्याच्या या मे महिन्याच्या दुपारी आपण दोघंही भाजून निघू. पडदे मी मुद्दाम ओढलेत. कागद-पेन आणलंत ना? इतकी वर्षं तुम्ही कोर्टासमोरच्या झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिलेत, आज माझा लिहायचा आहे. पण आधी नुसतं ऐका.

मध्येच आतल्या खोलीतून आवाज आला तर उठू नका. माझी मुलगी प्रणाली आत आहे. जावई तिच्याजवळ बसलेत.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोक म्हणतात, देवमनभाऊंना दाखवा. मी इंजिन ऐकत बसत नाही, रंगावर बोटं फिरवत नाही. मी गाडीचा नंबर वाचतो. पाटीवरचा नव्हे, तो कोणीही रंगवून देईल. चेसिस नंबर. सतरा आकडे आणि अक्षरं असतात त्यात. गाडी कुठल्या देशात झाली, कुठल्या साली झाली, सगळं त्या सतरांत. तो काचेच्या कोपऱ्यात असतो, दाराजवळच्या स्टिकरवर असतो, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. पण काच बदलता येते, स्टिकर छापता येतं, कॉम्प्युटरलाही शिकवता येतं. पत्र्यावर ठोकलेला नंबर मात्र मी हातानं घेतो. जागा रॉकेलच्या फडक्यानं पुसायची, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. नंबर कागदावर उमटतो, त्याला आम्ही प्रिंट म्हणतो. नंतर कोणी एक आकडा जरी खोडून ठोकला असेल, तर पेन्सिल चुगली करते.

आणि मी प्रिंट नेहमी दोन घ्यायचो. एक फाइलला, एक जादा. पहिला फाटला, भिजला, तर पुन्हा कोण गाडीखाली शिरणार? आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. त्या जादा प्रिंटनंच माझं वाटोळं केलं.

तीन आठवड्यांपूर्वी अमोलरावांचा, म्हणजे माझ्या जावयाचा, अमरावतीहून फोन आला. त्यांचा संत्र्याचा व्यापार आहे. यंदा माल चांगला गेला, आणि डोक्यात भूत शिरलं ते परदेशी स्पोर्ट्स कारचं. दोन दारांची, काळी, जमिनीला पोट टेकवून चालणारी. मी म्हटलं, अहो, आपल्याकडच्या गतिरोधकांवर ती गाडी आडवी झोपेल, ट्रॅक्टर लावून ओढावी लागेल. ते हसले.

"मामाजी, गाडी प्रणालीसाठी हाये. तिले चालवाची हौस हाये. पण तुमी हो म्हटलं तरच घेतो."

एकुलती एक मुलगी माझी. सकाळच्या बसनं निघालो.

गाडी नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. विकणारा पियुष नावाचा तिशीचा तरुण होता. कडक इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. दुपारचे साडेबारा झाले होते. छताचा पत्रा तापून कडकड वाजत होता. आत ऑइलचा वास होता, आणि त्याच्याखाली आणखी एक वास. बंद पेटीतल्या जुन्या लुगड्यांना येतो तसा. गाडीच्या काचांवर इतकी काळी फिल्म होती की आत माणूस आहे की नाही, बाहेरून कळू नये.

काचेतला नंबर जुळला. स्टिकर जुळलं. कॉम्प्युटरला यंत्र लावलं, तेही जुळलं. दहावं अक्षर सालाशी जुळलं. अमोलरावांचा चेहरा खुलत चालला होता.

"झालं ना मामाजी?"

"पत्र्यावरचा राहिला," मी म्हटलं.

"पाहा काका, आरामात पाहा," पियुष म्हणाला. "आमी हाफिसात बसतो. इथं तं जीव चालला."

ते दोघं गेले. या गाडीत पत्र्यावरचा नंबर डाव्या सीटच्या पायाशी, गालिच्याच्या एका झडपेखाली होता. पण गाडी डावीकडे भिंतीला चिकटून लावलेली, त्या बाजूचं दार हातभरही उघडेना. मग मी उजव्या बाजूनं शिरलो, दोन्ही सीटांवर आडवा झालो आणि डोकं डाव्या सीटच्या पायाशी घातलं. पाय आत ओढल्याशिवाय वाकता येईना, म्हणून तेही ओढले. माझ्या वयाच्या माणसाचं हे काम नव्हे, पण आपल्या मुलीची गाडी.

मोबाईलचा उजेड धरला. झडप उचलली. पुसलं, कागद धरला, पेन्सिल घासली. एकेक आकडा वर येत गेला. सतराच्या सतरा बरोबर. आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून एक तिरपा ओरखडा उमटला, बोटभर लांब.

किशोरभाऊ, तो ओरखडा मी ओळखत होतो.

आठ वर्षांपूर्वी मी विम्याच्या सर्व्हेअरबरोबर मदतनीस म्हणून जायचो. बाळापूरच्या रस्त्यावर अशीच एक काळी गाडी उतारावरून कोरड्या नाल्यात, बाभळींमध्ये गेली होती. गीतांजली नावाची बाई एकटीच चालवत होती. मार फारसा नव्हता, पण दोन्ही दारं चेपून बसली होती. मे महिना, भर दुपार. एका गुराख्यानं गाडी पाहिली होती, पण काळ्या काचा बघून त्याला वाटलं, मोठ्या घरचं कोणी सावलीला थांबलंय. संध्याकाळी पत्रा कापून तिला काढली, तोवर जीव गेला होता. ती सीटवर नव्हती. डाव्या सीटच्या खाली पायाशी, मुटकुळं करून होती. गाडी तापली की वरच्यापेक्षा तळाशी जरा थंड असतं म्हणे. गालिचा नखांनी उकरला होता, आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर, बरोबर नंबरावर, तिच्या हातातल्या पाटलीचा ओरखडा होता. सर्व्हेअर तो बघून बाहेर जाऊन उभे राहिले. प्रिंट मी घेतला. दोन घेतले.

ती मोडकी गाडी मनोज नावाच्या भंगारवाल्यानं उचलली. आठवड्यानं तो माझ्याकडे आला.

"देवमनभाऊ, तो दुसरा प्रिंट मले देऊन टाका ना. सही करा, तारीख मोकळी ठेवा. फाइल पुरी कराची हाये."

भंगारात गेलेल्या गाडीला कसली आलीय फाइल? चोरीची तशीच गाडी मिळवायची, मेलेल्या गाडीचा पत्रा कापून तिच्यात जोडायचा, आणि कागद माझा. हे मला तेव्हाच कळलं होतं. पण त्याचं माझं जाणं-येणं होतं, नाही म्हणणं जिवावर आलं. मी एक शब्द न विचारता सही केली. प्रत्यक्ष गाडीवरून घेतला, असं लिहून.

त्या शेडमध्ये, डोकं खाली घातलेल्या अवस्थेत, हे सगळं एका क्षणात आठवलं. आणि माझ्या पायांमागे दार लागलं.

आपटलं नाही. कोणी निजलेलं पोर उठू नये म्हणून लावावं तसं, हलकेच. मग कुलपाचा आवाज, खट्ट.

मी उलटा सरकायला गेलो. खांदा दोन सीटांमध्ये अडकला. मोबाईल हातातून सुटून विझला. अंधार... आणि धग. श्वास घ्यावा तर तोंडात कढत फडकं कोंबल्यासारखं होत होतं. मी पायांनी दारावर लाथा मारल्या. अमोलराव, अमोलराव, म्हणून ओरडलो. माझा आवाज मलाच उशीतून आल्यासारखा वाटत होता.

मग ठोका ऐकू आला. दोनदा... थांबून एकदा. मला वाटलं, बाहेरून कोणी काच वाजवतंय. पण तो आवाज माझ्या चेहऱ्यासमोरून येत होता. खालून. पत्र्याच्या पलीकडून.

"कोनी... कोनी हाये का?"

बाईचा आवाज. घसा सुकलेला.

पुन्हा ठोके. दोन... एक.

"भाऊ... खाली या. खाली जरा थंड हाये."

आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते. मी खाली झालो. त्या नंबरावर गाल टेकवला. आणि खरंच थंड होतं हो... माठाला गाल लावावा तसं. मला बरं वाटलं. वाटलं, आता इथंच राहावं, ओरडू नये, कोणाला बोलावू नये.

"मामाजी! अवो मामाजी! झोप लागली काय?"

दार उघडं होतं. अमोलरावांनी मला काखेत हात घालून बाहेर काढलं. शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता.

"दार... दार लागलं होतं," मी म्हटलं.

"कुठचं दार? उघडंच तं हाये. दहा मिनिटं बी नाई झाले आमाले जाऊन."

माझ्या मुठीत प्रिंट होता. मी म्हणालो, "अमोलराव, ही गाडी घेऊ नका."

"काहून? नंबर जुळत नाई?"

नंबर तर जुळत होता. मी काही बोलायच्या आत पियुषनं फाइल उघडून समोर धरली. पहिलाच कागद. पेन्सिलचा प्रिंट, तिरपा ओरखडा, खाली माझी सही. तारीख दुसऱ्याच शाईत, दुसऱ्याच्या अक्षरात, तीन वर्षांपूर्वीची.

"काका, पयला प्रिंट तं तुमच्याच हातचा हाये," तो गोड हसला. "मंग आता काय पाहून राहिले?"

त्याला सगळं माहीत होतं की नव्हतं, मला अजून सांगता येत नाही. अमोलरावांना मात्र आनंद झाला.

"म्हणजे मामाजीनं पास केलेलीच गाडी हाये की! मंग तं इचारूच नोका."

एक वाक्य बोलायचं होतं, किशोरभाऊ. हा कागद खोटा आहे आणि तो मी दिला. जावयासमोर, परक्या माणसासमोर. तुरुंग दिसला, प्रणालीचं सासर दिसलं, लोक काय म्हणतील ते ऐकू आलं. मी तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. गाडी त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात गेली.

चार दिवसांनी प्रणालीचा फोन आला. गाडीचं किती कौतुक!

"बाबा, एक मजा सांगू? एसी बंद असला तरी पायाशी गारवा येते. लय बरं वाटते."

मी म्हटलं, बाई, दुपारची नको चालवत जाऊ. तेव्हाही खरं सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. पुढल्या आठवड्यात अमोलराव हसत सांगत होते, की ती दुपारी पोर्चमध्ये उभ्या गाडीतच जाऊन बसते, घरात जीव घाबरतो म्हणते. मी पुन्हा उद्या म्हटलं.

काल दुपारी दोघं इकडे यायला निघाले. गाडी दारात थांबली, अमोलराव एकटेच उतरले.

"प्रणाली कुठे?"

"गाडीतच हाये. बडनेऱ्यापासून सीटवर बसूनच नाई राहिली. खाली बसते म्हणे."

मी अनवाणी धावलो. अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली, पण मला ते आत्ता तळपायांचे फोड बघून कळतंय. दार ओढलं. माझी लेक डाव्या सीटच्या पायाशी मुटकुळं करून पडली होती, गालिच्याची झडप उचललेली, गाल पत्र्यावर. मला बघून हसली.

"बाबा, या ना... खाली जरा थंड हाये."

दोघांनी मिळून तिला उचलली. तेव्हा मी पत्र्यावर पाहिलं. जुन्या ओरखड्याशेजारी आणखी एक होता. ताजा, चकचकीत.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले ऊन लागलंय, पाणी पाजा, पडू द्या. आत पलंग आहे, त्यावर नवी गादी आहे, कूलरचं तोंड तिकडेच केलंय. ती पलंगाखाली झोपली आहे. ओढून वर आणली तर पुन्हा खाली जाते. अमोलराव फरशीवर बसून तिचा हात धरून आहेत. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुमच्या कागदावर उतरू द्या, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. हा अर्ज घेऊन आपण दोघं ठाण्यात जाऊ. त्या बाईला कोणी बाहेर काढलंच नाही, किशोरभाऊ. तो पत्रा कापून तिला आणखी एका गाडीत कोंडली, आणि त्या कोंडवाड्याला सही माझी आहे. ती मोकळी झाली तर माझी पोर सुटेल, एवढीच आशा धरून बसलोय.

तुम्ही मान वळवलीत. म्हणजे तुम्हालाही ऐकू आलं. दोन... आणि एक.

अमोलराव काल रात्रीपासून म्हणतात की तो आवाज प्रणालीच करते, फरशीवर पाटली आपटते. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून आज सकाळी मी तिच्या हातातल्या दोन्ही पाटल्या काढून घेतल्या. ह्या बघा, माझ्या खिशात आहेत.

लिहायला घ्या. आणि तारीख आधी घाला.