हर्केमामाची जोडसायकल

"ब्रेक! नीन्के, अगं ब्रेक लाव!"

मागच्या सीटवरून सीबे किंचाळला आणि नीन्केनं करकचून ब्रेक दाबला. हिरवी जोडसायकल पुलाच्या तोंडाशीच थांबली. समोरून चाललेल्या बदकिणीनं एकदा मान वळवून पाहिलं आणि पिल्लांना घेऊन निवांत रस्ता ओलांडला.

"दिसली होती मला," नीन्के म्हणाली.

"हो तर! चाकात अडकल्यावर आणखी नीट दिसली असती!"

"तू गपचूप पायडल मार. पुढे कोण बसलंय?"

"सकाळपासून तूच बसलीयस!"

नीन्के चौदा वर्षांची, सीबे अकराचा. उत्तरेकडच्या एका गावाहून पाठीला पिशव्या बांधून दोघं निघाले होते. वाटेत कुठे आत्याकडे, कुठे बाबांच्या मित्राकडे मुक्काम करत आज युट्रेख्ट शहरात पोचले होते. इथे आईची मैत्रीण रिया मावशी त्यांची वाट पाहत होती.

सायकल मात्र त्यांची नव्हती. ती हर्केमामाची होती. मामाला डोळ्यांनी दिसत नाही. दर शनिवारी बाबा पुढे आणि मामा मागे, अशी दोघांची स्वारी बांधावरून थेट समुद्रापर्यंत जायची. त्या एका सकाळसाठी मामा आठवडाभर थांबायचा. तरीही नीन्केनं मागितल्यावर तो लगेच म्हणाला होता, "न्या की! एखादा शनिवार मी घरी बसेन. फक्त तिला कुठे उघड्यावर सोडू नका."

डोम चर्चचा उंच मनोरा समोर दिसत होता. मनोरा बघायला वर जाणारी दिवसाची शेवटची तुकडी आता निघणार होती.

"आधी सायकल स्टेशनाखालच्या तळघरात लावू," सीबे म्हणाला. "मामानं सांगितलंय."

"स्टेशनाला जाऊन येईपर्यंत दार बंद होईल! इथेच लावू, कठड्याला. बघ, किती सायकली आहेत."

खरंच, कालव्याच्या लोखंडी कठड्याला सायकलींची दाटी झाली होती. काही नव्या कोऱ्या, काही गंजलेल्या. पलीकडच्या टोकाला पिवळं जाकीट घातलेला एक माणूस कानाशी फोन धरून येरझारा घालत होता. "अरे, तंबू तुझ्याकडेच होता! मी फक्त खुर्च्या आणल्या!" असं तो कुणावर तरी ओरडत होता. आणि ओरडता ओरडता हातातल्या डब्यातून सायकलींच्या सीटवर नारिंगी रंग फवारत होता.

"ए, तो बघ काय करतोय," सीबे म्हणाला.

"मोडक्या सायकलींवर खूण करतोय. भंगारात जाणाऱ्या."

"पण तो बघतच नाहीये कशावर मारतोय ते!"

"सीबे! चल म्हणते ना!"

कुलूप खटकन लागलं. नीन्के पळत सुटली. सीबेनं दोनदा मागे वळून पाहिलं, मग तोही पळाला.

मनोऱ्यावरून सगळं शहर दिसलं. लाल छपरं, कालवे, लांबवर हिरवी कुरणं. नीन्के खूश होती. सीबे मात्र खाली कठडा दिसतो का, तेच शोधत होता.

दोघं खाली आले आणि कालव्याशी पोचले, तेव्हा कठडा रिकामा होता.

एकही सायकल नव्हती. कापलेल्या कुलपांचे तुकडे तेवढे दगडांवर पडले होते. आणि त्या तुकड्यांमध्ये डोक्याला हिरवी पट्टी बांधलेली एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुमचीपण गेली?" तिनं विचारलं. "माझी निळी होती. वाढदिवसाची! पाव आणायला गेले, तेवढ्यात गेली!"

तिचं नाव इल्हाम. ती समोरच्याच गल्लीत राहत होती. चीजच्या दुकानातले काका दारातून म्हणाले, "चोर, दुसरं काय! रोजचंच आहे." आणि आत निघून गेले. नीन्केनं पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या बाईंनी जांभई दाबत सांगितलं, "उद्या सकाळी या."

"चोर एवढ्या सगळ्या सायकली एकदम कशा नेतील?" सीबे हळूच म्हणाला. "रंगवाला माणूस, नीन्के. त्यानं सगळ्यांनाच तो नारिंगी रंग लावला असणार."

 

"नारिंगी रंग?" इल्हाम ओरडली. "मग ती भंगाराची बोट! लोखंडी पंजा असतो तिला. कालव्यात पडलेल्या आणि रंग लावलेल्या सायकली उचलते आणि दक्षिणेच्या धक्क्यावर नेते. तिथे यंत्रात घालून चेपतात!"

"चेपतात?"

"पापडासारख्या! चला! आईची पेटीसायकल आहे. बोट हळू जाते, पूल लागले की थांबते. आपण गाठू!"

पेटीसायकल म्हणजे पुढे मोठी लाकडी पेटी असलेली तीनचाकी सायकल. इल्हामची आई तिच्यातून धाकट्या जुळ्यांना शाळेत सोडायची. आता पेटीत सीबे आणि दोन पिशव्या बसल्या. इल्हाम पायडल मारू लागली आणि नीन्के मागून ढकलत धावू लागली.

"बाजूला व्हा! बाजूला! ब्रेक जरा कमी लागतो!" इल्हाम ओरडत होती.

"जरा म्हणजे किती?" सीबेनं पेटीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"म्हणजे लागतच नाही!"

एक आजोबा टोपी सांभाळत भिंतीला चिकटले. एका कॅफेतले वेटर टाळ्या वाजवू लागले. आधी इल्हाम दमली, मग नीन्केनं पायडल घेतलं. तिच्या मनात एकच गोष्ट चालली होती. सीबेनं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

धक्क्यावर पोचले, तेव्हा बोट आधीच लागली होती. सायकलींचा ढीग किनाऱ्यावर आला होता. कानात गाणी लावलेला क्रेनवाला एकेक सायकल उचलून यंत्राच्या जबड्यात टाकत होता. कर्रर्र... धाड!

"माझी निळी! ती बघा, ढिगात!" इल्हाम किंचाळली.

नीन्के धक्क्यावरच्या मुकादमाकडे धावली. तो खुर्चीवर बसून कॉफी पीत होता.

"थांबवा! त्या चांगल्या सायकली आहेत! तुमच्या माणसानं न बघता रंग मारलाय!"

"हे बघ मुली, नारिंगी रंग म्हणजे भंगार. तेवढं बघतो आम्ही. बाकी प्रश्न आम्ही विचारत नाही, तूही विचारू नकोस."

"पण एकदा जाऊन बघा तरी!"

"चला, पळा. इथे मुलांना यायची परवानगी नाही."

कर्रर्र... धाड! आणखी एक गेली.

सीबे मात्र मुकादमाकडे बघत नव्हता. शेडच्या भिंतीला टेकवलेल्या काळ्या चकचकीत सायकलीकडे बघत होता. तिच्या दांडीला मुकादमाचं जाकीट अडकवलेलं होतं. शेजारीच रंगाचा डबा पडला होता. त्यानं इल्हामच्या कानात काहीतरी सांगितलं. इल्हाम खुदकन हसली.

"काका," ती गोड आवाजात मुकादमाला म्हणाली, "भंगाराचं पुढे काय होतं हो? शाळेत प्रकल्प आहे."

मुकादम पाघळला. पाठ फिरवून यंत्राकडे हात करत तो समजावू लागला. तेवढ्यात सीबेनं जाकीट काढून खिळ्याला अडकवलं, सीटवर नारिंगी ठिपका मारला, सायकल ढकलत ढिगाच्या कडेला उभी केली आणि धूम ठोकली.

लोखंडी पंजा खाली आला. काळी सायकल अलगद हवेत गेली.

"अरे! अरे, ती माझी आहे! थांबव! थांबव रे!" मुकादमाच्या हातातली कॉफी शर्टावर सांडली. तो दोन्ही हात हलवत क्रेनपुढे नाचू लागला. क्रेनवाल्यानं दचकून यंत्र बंद केलं.

धक्क्यावर एकदम शांतता पसरली.

"पण काका," सीबे म्हणाला, "नारिंगी रंग म्हणजे भंगार ना?"

मुकादमानं मान वर केली. वर लटकणाऱ्या सायकलीकडे पाहिलं, मग ढिगाकडे. पहिल्यांदाच नीट पाहिलं. लहान मुलांच्या बसायच्या सीट, नव्या टोपल्या, चमकणारे दिवे. 

"फोन कर," तो क्रेनवाल्याला म्हणाला. "ऑफिसला फोन कर."

इल्हामनं आपली निळी सायकल ओढून काढली आणि तिला मिठी मारली. नीन्के ढिगाभोवती फिरत होती. एकदा फिरली, पुन्हा फिरली. हिरवं काही दिसेना.

"जोडसायकल होती," ती क्रेनवाल्याला म्हणाली. "हिरवी. दोन सीटांची."

क्रेनवाल्यानं कानातले इअरफोन काढले. त्यानं मान खाली घातली. "ती लांब होती. ढिगात मावेना. म्हणून सगळ्यात आधी घातली."

यंत्राच्या पलीकडे चेपलेल्या लोखंडाचे चौकोनी ठोकळे होते. एकाच्या बाजूला हिरवा रंग दिसत होता. नीन्केनं त्यावर हात ठेवला. लोखंड अजून गरम होतं.

"तू म्हणाला होतास," ती सीबेला म्हणाली.

सीबेला आता काहीही म्हणता आलं असतं. तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला, एवढंच.

मग सगळेच आले. पोलीस, रिया मावशी, नगरपालिकेच्या एक उंच बाई. सायकलींचे मालकही येऊ लागले. एका तरुण आईनं सीबेचे गालगुच्चे घेतले. "तुम्ही तिघं नसता, तर कुणाला पत्ताही लागला नसता!" उंच बाई म्हणाल्या. "आमच्या शहराला अशी डोळस मुलं हवीत!" फोटो काढले गेले. इल्हाम ऐटीत हसली. नीन्केला हसायला जमलं नाही. डोळस! तो शब्द तिला टोचत राहिला.

मामाला फोन तिनंच केला. सगळं सांगितलं. रंगवाला माणूस दिसला होता, सीबेनं सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं नव्हतं, हेही.



"तुम्ही दोघं बरे आहात ना?" मामानं विचारलं.

"हो."

"मग झालं." पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. नीन्केला वाटलं, तो रागावला असता तर बरं झालं असतं.

सायकली उचलायचं काम घेतलेल्या कंत्राटदारानं नवी जोडसायकल द्यायचं कबूल केलं. पण मामासारख्या उंच माणसाच्या मापाची बनवून घ्यावी लागणार होती. ती हिवाळ्याआधी मिळणार नव्हती.

गावी परतल्यावरच्या शनिवारी नीन्के सकाळीच मामाकडे गेली. "समुद्रापर्यंत चालत जाऊ या?" तिनं विचारलं. मामानं तिचा कोपर धरला आणि दोघं बांधावर चढले. डावीकडे मेंढ्या चरत होत्या. नीन्के दिसेल ते सांगत होती.

"सीबेनं ती मुकादमाची गंमत सांगितली मला," मामा म्हणाला. "पोट दुखेपर्यंत हसलो. किती लोकांच्या सायकली वाचवल्यात तुम्ही! शाबास म्हणायलाच हवं."

"तुझी नाही वाचवली."

"नाही," मामा म्हणाला. "माझी नाही." त्यानं तिचा कोपर जरा घट्ट धरला. "मला वाईट वाटतंय, नीन्के. खोटं कशाला बोलू? पण तू स्वतः फोन केलास, ते मला आवडलं."

ते बराच वेळ चालले. मग मामाची पावलं जड झाली. त्यानं थांबून मान वर केली, वारा कुठून येतोय याचा अंदाज घेतला.

"अजून किती लांब आहे गं?"

नीन्केनं समोर पाहिलं. बांध वळणावळणानं पुढे जात होता. पाण्याची नुसती एक रेघ दिसत होती.

"खूप," ती म्हणाली.

"मग इथूनच परत फिरू," मामा म्हणाला.